जमालमिस्त्रीची मांडणी

१

त्या रविवारी जव्हारात सगळं रोजच्यासारखं होतं, म्हणूनच पुढे बिलकीसला तो दिवस मिनिटामिनिटाने आठवत राहिला.

जमालमिस्त्री सकाळीच हाताखालच्या इदरीसला घेऊन मोखाड्याच्या घाटात गेले होते. तिथे एका ट्रकचा ॲक्सल तुटला होता. घरात मिस्त्रींची बहीण शहरबानो फुफी आणि मागच्या अंगणात पाणी भरणारा जैतू. बिलकीस शनिवारच्या एस्टीने ठाण्याहून आली होती. ती तिकडे मुलींच्या शाळेत शिकवायची आणि शाळेचं ग्रंथालयही सांभाळायची. चार हजार पुस्तकं तिने पाठीवर चिठ्ठ्या चिकटवून ओळीने लावली होती. मग बापाचं गॅरेज कसं बघवणार?

गॅरेज घराला लागूनच होतं. पुढे फळ्यांचा दरवाजा, मागे कारवीच्या कुडाची भिंत, आणि आत पंचवीस वर्षांचा पसारा. डालड्याच्या डब्यांत नट, वॉशर, खिळे. खुंट्यांवर पट्टे आणि पाने. जमिनीवर स्प्रिंगचे पाटे, बेअरिंगं, फुटके दिवे आणि तेलाने काळे झालेले तीन लाकडी ठोकळे. डब्यांच्या गळ्याभोवती गंजक्या तारा गुंडाळलेल्या होत्या. कुठे एक वेढा, कुठे दोन, कुठे तीन. बिलकीसने पकड घेतली आणि सगळ्या तारा तोडून टोपलीत टाकल्या.

"बाय, ह्या नका हलवू," जैतू दारातून म्हणाला. "मिस्त्री रागं भरल."

"भरू दे. तू पाणी आण."

जैतूने पाणी आणलं. तो पोशेरा गावचा. वीस वर्षं या घरी जड उचलायला, कूड बांधायला यायचा, पण उलट बोलण्याची सवय त्याला कधी लागली नाही. बिलकीसने सोडा घालून जमीन धुतली, ठोकळे घासून पिवळेधमक केले आणि एकावर एक रचले. पाने उंचीप्रमाणे लावले. प्रत्येक डब्यावर आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली.

चार वाजता मिस्त्री परतले; इदरीस ट्रकपाशी मागेच राहिला होता. दारात थांबले. चौकटीला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

"वा," ते म्हणाले. "सोड्याचा वास येतोय. मशिदीसारखं झालं."

"आता सगळं सापडेल तुम्हाला."

"हो ना. आता माझ्याच घरात पत्ता विचारत फिरेन."

दोघं हसली. चहा त्यांनी स्वतः ओतला, नेहमीच्या डाव्या हाताने, दुसऱ्या हाताचं बोट कपाच्या काठाच्या आत धरून.

"अब्बा, बोट बुडवून चहा ओततात का?"

"गरम आहे का बघतोय."

मग त्यांनी तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं. तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले, म्हणाले. साडेपाचच्या गाडीला ती बसली तेव्हा ते फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. गाडी वळणावर गेली तरी हात हलतच होता.

मंगळवारी दुपारी शाळेत तार आली.

२

मिस्त्रींचे जुने दोस्त लियाकतचाचा यांची जीप दुरुस्तीला आली होती. मिस्त्री खाली निजून काम करत होते, आणि जॅक सटकला. तिला एवढंच सांगितलं गेलं. ती पोचली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. ती तीन दिवस राहिली, तेव्हा गॅरेजला कुलूप होतं. किल्ली फुफीच्या कमरेला होती आणि तिनेही मागितली नाही.

चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला ती आठ दिवसांची रजा काढून आली. फातिहा झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फुफीपुढे हात केला.

"किल्ली दे. गॅरेज रिकामं करायचंय. इदरीसभाई तिथे धंदा चालवायचा म्हणतो, लियाकतचाचाला गोदाम करायचंय. कुणाला द्यायचं ते ठरवून मी जाईन."

"चार दिवस थांब, बेटी."

"चाळीस थांबले."

फुफीने किल्ली दिली, पण देताना तिच्याकडे पाहिलं नाही.

दरवाजा उघडला. उन्हाचा पट्टा आत पडला. बिलकीस उंबऱ्यावरच थांबली.

तिची मांडणी नव्हती. पाने उंचीने लावलेले नव्हते. डबे एका ओळीत नव्हते. पण कुणी उलथापालथ केल्यासारखं विस्कटलेलंही काही नव्हतं. पट्टे त्या जुन्याच खुंट्यांवर, फुटका दिवा त्याच कोपऱ्यात, खिळ्यांचा डबा खिडकीच्या डाव्या हाताला. रविवारी सकाळी तिने पाहिलेला पसारा जसाच्या तसा परत येऊन बसला होता. तिच्या अक्षरातली एकही चिठ्ठी कुठे नव्हती.

"इथे कोण आलं होतं, फुफी?"

फुफी ओट्यावर तांदूळ निवडत होती. "कुलूप आहे ना. कोण येणार?"

"मग हे?"

"जमालला आपल्या वस्तूंना हात लावलेला खपत नसे," फुफी म्हणाली. तांदळातून खडा काढून तिने लांब फेकला. "अजूनही खपत नाही."

बिलकीसचा भुतांवर विश्वास नव्हता. तिने खिळ्यांचा डबा आणि दोन पाने उचलून पलीकडच्या फळीवर ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी जेवून ती परत आली. खिळ्यांचा डबा खिडकीच्या डाव्या हाताला होता. दोन्ही पाने आपल्या खुंट्यांवर होते. एक किंचित हलत होता.

३

इदरीस बाजारातल्या चौकात रस्त्याच्या कडेला एका ट्रकचं चाक बदलत होता. चाळिशीचा, मिस्त्रींच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला. गॅरेज त्याला मिळालं तर त्याचं आयुष्य मार्गी लागणार होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"ये, बिलकीस. बसायला सांगितलं असतं, पण खुर्ची ट्रकवाल्याने आणली नाही."

"इदरीसभाई, हा जॅक कुठला?"

त्याचा हात थांबला. "मिस्त्रींचा. फुफींनी दिला."

"ज्या जॅकने माझा बाप मारला, त्याच्यावर तू ट्रक उचलतोस?"

इदरीसने कपाळाचा घाम बाहीला पुसला. "दुरुस्त केला."

"काय बिघडलं होतं?"

"वॉशर गेला होता."

"म्हणजे जॅक हळूहळू खाली बसला. सटकला नाही."

"बसला काय, सटकला काय, सारखंच."

"कारागिराला सारखं नसतं," ती म्हणाली. "मिस्त्रीच्या मुलीलाही नसतं."

तो खाली वाकला आणि पाना आवळू लागला. चाक पक्कं बसलं होतं, तरी तो आवळतच राहिला.

४

लियाकतचाचा घरीच होते. पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची भरवत होते. जीप त्यांची, आणि अपघाताआधी पंधरा दिवस मिस्त्रींशी त्यांचं भांडणही झालं होतं. गिअरबॉक्स तीनदा उघडूनही बसत नव्हता. लियाकतने चारचौघांत म्हटलं होतं, मिस्त्री म्हातारा झाला, आता गाडी नाशिकला नेतो.

"मी बोललो, हो बोललो," चाचा म्हणाले. "पण परत त्याच्याच दारात गेलो की नाही? तोंडाने शिव्या द्यायच्या आणि गाडी त्याच्याकडेच न्यायची, पंचवीस वर्षं हेच केलं."

"त्या दिवशी तुम्ही तिथे होतात?"

"अंगणात. फुफीने चहा दिला होता. कडकड असा आवाज आला. धावलो. मी, इदरीस, जैतू. हातांनी उचलेना. मग मीच तो जॅक ओढून आणला, भिंतीशी उभा होता, चाकाखाली लावला, इदरीसने दांडा मारला आणि जमालला बाहेर..."

पोपटाने मिरची टाकून दिली.

"भिंतीशी उभा होता," बिलकीस हळूच म्हणाली.

"बेटी, मला म्हाताऱ्याला काय आठवतंय..."

"धड चालणारा जॅक भिंतीशी उभा होता. म्हणजे तो जीपखाली नव्हताच. तो काढून घेतला होता. मग जीप कशावर उभी होती, चाचा?"

चाचांनी पिंजऱ्याची कडी लावली. त्यांचे डोळे भरले होते. ज्याने काही दडवलंय त्याचे डोळे असे भरत नाहीत, असं तिला वाटलं. मग वाटलं, कदाचित असेच भरतात.

५

जीप ठोकळ्यांवर उभी होती. मिस्त्रींची ती रीत तिला लहानपणापासून माहीत होती. जॅकने गाडी उचलायची, दोन बाजूंना दोन सागाचे ठोकळे लावायचे, गाडी त्यांच्यावर टेकवायची, जॅक बाजूला घ्यायचा. ठोकळ्यांवाचून मिस्त्री कधी गाडीखाली शिरत नसत. तिने तीन ठोकळे घासले होते. आता गॅरेजात दोनच होते.

म्हणजे एक ठोकळा मोडला, आणि तो कुणीतरी नाहीसा केला. आता तिला गॅरेज कुणाला द्यायचं याची फिकीर उरली नव्हती. बाप कुणाच्या हातून गेला, एवढंच हवं होतं.

तिने एकेक डबा उतरवून पाहिला. तळाशी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकण उघडलं आणि तिचं स्वतःचं अक्षर तिच्याकडे बघू लागलं. खिळे. वॉशर. नट, मोठे. नट, बारीक. एकही चिठ्ठी फाटलेली नव्हती. पाण्याचा हात लावून सावकाश सोडवलेल्या, सपाट वाळवलेल्या, रद्दीच्या घडीत एकीवर एक ठेवलेल्या. राग आलेला माणूस चिठ्ठी ओरबाडतो. चोर तिच्याकडे बघतही नाही. ज्याने तिची मांडणी मोडली होती, त्याने ती जपून ठेवली होती.

मग तिचं लक्ष डब्यांच्या गळ्यांकडे गेलं. तारा परत होत्या. जुन्या गंजक्या नव्हे, त्या तिने फेकल्या होत्या. या नव्या, चकचकीत. खिळ्यांना एक वेढा, वॉशरला दोन, बारीक नटांना तीन. तिने एका तारेच्या टोकावरून बोट फिरवलं. पीळ उलटा होता. तिने स्वतः तारेचा तुकडा घेऊन पिळून पाहिला. उजव्या हाताचा पीळ दुसरीकडे जात होता. इदरीस उजवा. लियाकत उजवा. फुफीही.

जव्हारभर डाव्या हाताने तार पिळणारा एकच कारागीर होता.

ती त्या ओलसर, अंधाऱ्या जागेत तशीच बसून राहिली. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. तिने डोळे मिटले आणि हात पुढे केला. एक वेढा, खिळे. त्याच्या शेजारी हात, दोन वेढे, वॉशर. वीत मोजून खुंटी, बारा नंबरचा पाना. डोळे न उघडता तिला सगळं गॅरेज सापडत होतं. हा पसारा नव्हताच. ही मांडणी बोटांसाठी होती.

कपात धरलेलं बोट. वाचून घेतलेलं वर्तमानपत्र. तीनदा उघडूनही न बसलेला गिअरबॉक्स. वळणापलीकडे गेलेल्या गाडीला हलणारा हात.

रविवारी संध्याकाळी ती गेली, आणि त्यानंतर जमालमिस्त्रींनी चाचपडत चाचपडत तिचं सगळं काम उलटं केलं होतं. तिच्या चिठ्ठ्या जपून.

फुफी खोटं बोलली नव्हती. ही मांडणी त्यांचीच होती.

पण तिने हलवलेला डबा परत जागेवर कुणी ठेवला? तेव्हा तर त्यांना जाऊन चाळीस दिवस उलटून गेले होते.

६

दुसऱ्या दिवशी तिने कुणालाच काही विचारलं नाही. फक्त मागची भिंत पाहिली. कुडाची भिंत शेणामातीने लिंपलेली होती. सगळीकडे लिंपण वाळून तडकलेलं होतं, फक्त खाली, बांबूच्या खांबाजवळ, हातभर रुंद पट्टा ओला होता. कारवीच्या काठ्या तिथे सोडून परत बांधल्या होत्या, इतक्या सफाईने की पाऊस आला तरी थेंब आत येऊ नये. इदरीसला पंक्चर काढता येई, कूड बांधता येत नसे. लियाकत त्या भोकातून मावले नसते. ही भिंत मुळात ज्याने बांधली होती, त्यालाच ती अशी उघडता-मिटता येत होती.

दुपारी जेवणानंतर तिने इदरीसला आणि फुफीला गॅरेजात बोलावलं. खिळ्यांचा डबा मुद्दाम पलीकडच्या फळीवर ठेवला. तिघं दाराच्या आड उभी राहिली. फुफी म्हणाली, "काय पोरखेळ लावलाय," आणि मग तीही दाराला पाठ टेकून उभी राहिली.

काठ्या खसखसल्या. खालच्या कोपऱ्यात उजेड आला. एक पांढरं डोकं आत आलं, मग खांदे. जैतूने उठून अंगाची माती झटकली, डबा उचलला, खिडकीच्या डाव्या हाताला ठेवला आणि दोन बोटांनी सरळ केला.

"जैतूदादा," बिलकीस म्हणाली.

तो दचकला नाही. मान खाली घालून उभा राहिला, जणू कधीतरी ही हाक येणारच होती.

"तुला दार उघडून मागता आलं असतं."

"फुफी बोलली होती, बाय हाय तवर हिकडं यायचा नाय. तोंडातनं काय निघून जाल, बोलली. पण मना राहावं ना. यक डबा हलला तरी जीव हिकडंच वढतोय."

"मी बोलते," बिलकीस म्हणाली, "चुकलं तर सांगा. मी ठाण्याला गेले, आणि सोमवारी अब्बांनी गॅरेज परत लावायला घेतलं. इदरीसभाई मोखाड्यालाच होता. मदतीला फक्त जैतूदादा. डबे, तारा, पाने अब्बांनी स्वतः लावले. जड सामान जैतूदादाने. ठोकळे तीन होते. दोन चांगले, दाराच्या उजवीकडे. तिसरा...?"

"वाळवीनं खाल्लेला," इदरीस म्हणाला. "आतून पोकळ, वरून शाबूत. बसायला वापरायचे. तो डावीकडे असायचा."

"आणि मी तिन्ही घासून एकसारखे केले."

"पाणी प्याला होता तो, बाय," जैतू म्हणाला. "आतनं भुगा, त्यानं समदा पाणी वढून धरला. तिघं बी सारखंच जड. सुका असता तर मना उचलताच कळला असता. मिस्त्री बोलला, दोन उजवीकडं ठेव. मीं ठेवलं. दुसऱ्या दिशी मिस्त्रीनं उजवीकडचं घेतलं. त्याचा विश्वास जागेवर. माझ्या हातानं गेला मिस्त्री."

"गप्प बस, जैतू," इदरीस ओरडला. "किती वेळा सांगितलं?"

"तो ठोकळा?"

"मीच जाळला," फुफी म्हणाली. "चुलीत. नुसता भुगा झाला होता त्याचा. लियाकत, इदरीस, मी, आम्ही तिथेच ठरवलं, जॅक म्हणायचं. जॅकला कोण विचारतो?"

"जैतूदादाला वाचवायला?"

"तुला," फुफी म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून एस्टी गेली आणि पत्रे थरथरले.

"माझ्या बापाने माझी चिठ्ठी न् चिठ्ठी का जपली?" बिलकीसने विचारलं.

"मे महिन्यात बाय येल," जैतू म्हणाला. "तवा आदल्या दिशी समदा परत तिच्यावाणी लावायचा, बोलला. चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिला कळाय नको. बोलला, पोरीनं मेहनत केली, मोडली असा दिसाय नको. हसत होता लय."

फुफी पुढे आली आणि तिने बिलकीसचे दोन्ही हात धरले. "ऐक. तुझा यात काडीचा दोष नाही. दोन वर्षं त्याला धड दिसत नव्हतं, पण तुझ्यापासून त्याने ते लपवलं. आम्हाला शपथ घातली होती. तुला कुठून कळणार? ज्याला माहीत नाही त्याला गुन्हा नाही. तू पोरीच्या मायेने साफसफाई केलीस. चुकला असेल तर हा जैतू. त्याला दिसत होतं, त्याने बघून ठेवायला हवं होतं."

"हां," जैतू म्हणाला. "मना दिसत होता."

इदरीसनेही मान हलवली. सगळं नीट बसत होतं. तिला कुणी विचारणार नव्हतं. जैतू पोशेऱ्याला परत जाईल, जन्मभर ते ओझं वाहील, आणि कुरकुर करणार नाही, कारण उलट बोलण्याची त्याला सवय नव्हती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. त्यात तिचा हात चांगला बसलेला होता.

बिलकीसने फुफीच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी अब्बा ठाण्याला आले होते. स्टँडवर मी समोर उभी होते, दहा पावलांवर. मी हात केला. ते माझ्याकडेच बघत सरळ माझ्यापर्यंत चालत आले आणि मला म्हणाले, 'बाई, मुलींच्या शाळेकडे कुठली बस जाते?' मी म्हटलं, 'अब्बा!' ते हसले. म्हणाले, गंमत केली. मीही हसले. मला त्याच क्षणी कळलं होतं, फुफी. मी घरी आले तेव्हा प्रत्येक वेळी कळत होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि त्यांनी सांगितलं असतं तर मला शाळा सोडून इथे यावं लागलं असतं. मला यायचं नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही. जैतूदादा, तू नको म्हणाला होतास, आणि तुझ्याइतकंच मलाही दिसत होतं. अब्बा, ऐकताय ना? तुम्हाला दिसत नाही हे मला माहीत होतं, आणि मी आंधळ्याचं घर हलवलं."